पाच व्होल्टांची वाट

जुना गेम कन्सोल सुरू होत नाही म्हटलं की पहिला संशय आतल्या चिपवर जातो. मुरलेला दुरुस्तीकार मात्र उलट टोकाकडून, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटकडून सुरुवात करतो. अटारी २६०० मधली ६५०७, मासायुकी उएमुरा यांच्या चमूने १९८३ साली फॅमिकॉममध्ये बसवलेली रिको कंपनीची प्रोसेसर चिप, १९८८ च्या मेगा ड्राइव्हमधली मोटोरोला ६८००० आणि तिच्या जोडीची झायलॉग झेड-८० या सगळ्यांची भूक एकच होती : ५ व्होल्ट डीसी. तेही स्थिर, पाव व्होल्टापेक्षा जास्त वरखाली न होणारे. चिपमध्ये हलणारं काही नसतं, त्यामुळे ती दशकानुदशकं टिकू शकते. तिच्यापर्यंत वीज आणणारी वाट मात्र तापते, वाकते, सुकते, गंजते. ट्रान्सफॉर्मर, वायर, पिन, स्विच, कपॅसिटर आणि रेग्युलेटर हे या वाटेवरचे टप्पे. बंद पडलेले कितीतरी कन्सोल मेलेले नसतात, उपाशी असतात.

म्हणून या प्रकरणाचा नियम असा : काहीही बदलण्याआधी मोजा, आणि मोजत मोजत भिंतीकडून चिपकडे जा. ज्या टप्प्यावर आकडा पहिल्यांदा बिघडलेला दिसेल, दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या लगेच पुढच्या भागात. अंदाजाने रेग्युलेटर बदलला, मग कपॅसिटर बदलला, मग चिपच उपटली, अशा दुरुस्तीत चांगले भागही बिघडतात.

साहित्य फारसं लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढून घेणारा पंप, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. लागणारे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत आजही सहज मिळतात, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत येतो.

पिन बसली म्हणजे जुळली असं नाही

मोजण्याच्याही आधी वाचायचं. अडॅप्टरवर काय छापलंय आणि कन्सोलच्या पाठीवर काय लिहिलंय, ते दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. जुन्या कन्सोलना वयाने जेवढं मारलं नसेल, तेवढं चुकीच्या अडॅप्टरने मारलंय. त्या काळात कुणी कुणाशी जुळवून घेत नव्हतं. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही मेळ नसे.

फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचा. त्याच्या गोल पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आपल्याकडच्या बहुतेक उपकरणांत याच्या नेमकं उलट असतं. तोच कन्सोल अमेरिकेत एनईएस या नावाने गेला, तेव्हा निंटेंडोने त्याला ९ व्होल्ट, १.३ अँपिअरचा अडॅप्टर दिला, पण एसी! डीसी करायचं काम एनईएसच्या आतला ब्रिज रेक्टिफायर करतो. त्यामुळे एनईएसला योग्य ताकदीचा डीसी अडॅप्टर दिला तर तो कोणत्याही ध्रुवतेवर चालतो. उलटा प्रयोग मात्र घातक आहे. एनईएसच्या अडॅप्टरची पिन फॅमिकॉममध्ये बसते, पहिल्या मेगा ड्राइव्हमध्येही बसते. डीसीची वाट पाहणाऱ्या या यंत्रांत एसी शिरला की कपॅसिटर आणि रेग्युलेटर यांच्यावर संकट येतं. सुपर निंटेंडोची गंमत तर अशी की जपान आणि अमेरिकेत तो डीसीवर चालतो आणि युरोपात विकलेला एसीवर.

सेगाने तर घरातल्या घरात फिरवाफिरव केली. पहिल्या मेगा ड्राइव्हला ९ व्होल्ट, मध्यभाग ऋण. दुसऱ्या मेगा ड्राइव्हला १० व्होल्ट, वेगळ्या मापाची पिन आणि मध्यभाग धन. भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेसने मेगा ड्राइव्ह आणला तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय घरांत त्याऐवजी फॅमिकॉमच्या नकला पोचल्या, आणि त्यांचे अडॅप्टर ज्या त्या कारखान्याच्या मर्जीप्रमाणे. अशा नकलेच्या बाबतीत कुणाच्या आठवणीवर विसंबू नये. डब्यावर एक छोटी आकृती असते : मध्ये एक ठिपका, त्याभोवती अर्धगोल, दोन्हीकडे अधिक आणि उणे अशी चिन्हं. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह मधल्या भागाचं. आकृतीच नसेल तर डबा उघडून पाहावं. पिनचा कोणता भाग बोर्डाच्या ऋण पट्टीला जोडलाय, ते मल्टिमीटरच्या बीप वाजणाऱ्या चाचणीने कळतं.

तिसरा फरक भिंतीतला. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. जपानहून मागवलेला अडॅप्टर पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून इथल्या सॉकेटमध्ये घातला, तर ट्रान्सफॉर्मरला दुपटीहून अधिक व्होल्टेज मिळतं. त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि थोड्याच वेळात आतला थर्मल फ्यूज उडतो. पिन कन्व्हर्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. फॅमिकॉमसाठी यावर सोपा उपाय आहे : जपानी अडॅप्टर तसाच जपून ठेवायचा आणि २३० व्होल्टांवर चालणारा, मध्यभाग ऋण असलेला ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर वापरायचा.

रिकाम्या हाती खरं, ओझ्याखाली खोटं

आता मीटर घ्या. अडॅप्टर सॉकेटमध्ये, पिन मोकळी, मीटर डीसी व्होल्टवर. ९ व्होल्ट लिहिलेल्या जुन्या, जड अडॅप्टरवर १२ ते १४ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. तो जुन्या पद्धतीचा, नियंत्रण नसलेला अडॅप्टर आहे. लेबलवरचे ९ व्होल्ट पूर्ण ओझं असतानाचे. ओझं नसताना कपॅसिटर एसी लहरीच्या शिखरापर्यंत भरून बसतो, आणि शिखर हे एसीच्या नेहमीच्या (आरएमएस) आकड्याच्या सुमारे १.४ पट असतं. मीटर शून्य दाखवत असेल तर आधी लेबल पुन्हा वाचा. एसी अडॅप्टर डीसीच्या पट्ट्यावर मोजला तर शून्यच दिसणार.

दोन्हीकडे खरंच शून्य आलं तर अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि त्याच्या भिंतीकडच्या दोन पिनांमधला रोध मोजा. चांगल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो साधारण काहीशे ओहम येतो. मीटरने वाट तुटल्याचं सांगितलं तर प्राथमिक वेटोळं किंवा त्यात दडवलेला थर्मल फ्यूज गेला. असा अडॅप्टर दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं शहाणपणाचं. फ्यूज उगाच उडत नाही. तो टाळून तार जोडली तर पुढच्या वेळी उडायला ट्रान्सफॉर्मरशिवाय काहीच उरत नाही.

वेटोळं शाबूत असेल तर वायर पाहा. ती तुटते ती बहुधा पिनेजवळच्या किंवा अडॅप्टरमधून बाहेर पडतानाच्या वळणावर. खेळ संपल्यावर वायर डब्याभोवती करकचून गुंडाळायची सवय त्याला कारणीभूत. मीटर लावून वायर हलवली आणि आकडा उड्या मारू लागला, की दोष सापडला. खराब तुकडा कापून नवी पिन सोल्डर करायची आणि ध्रुवता पुन्हा तपासायची.

खरा फसवा अडॅप्टर तो, जो मोकळा असताना झकास दिसतो. मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे त्याच्यासमोर कुठलाही म्हातारा अडॅप्टर तरुण असल्याचं सोंग आणतो. म्हणून त्याच्यावर ओझं टाकून मोजायचं. १० ओहम, १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर डीसी अडॅप्टरला जोडला, तर ९ व्होल्टांवर ०.९ अँपिअर वाहतो, म्हणजे कन्सोलच्या मागणीच्या आसपास. तो चटका बसेल इतका तापतो, तेव्हा टेबलावर मोकळा ठेवा आणि काही सेकंदांतच मोजणी आटपा. रेझिस्टर नसेल तर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब चालतो. ओझ्याखाली ९ च्या आसपास आकडा आला तर अडॅप्टर पास. ६-७ पर्यंत कोसळला तर दोष त्याचाच, कन्सोल उघडायची गरज नाही.

पडद्यावरचे पट्टे वाचणं

काही वेळा कन्सोल सुरू होतो, पण पडद्यावर आडवे फिकट पट्टे सरकत राहतात आणि आवाजात घुंऽऽ अशी गुणगुण येते. ही तक्रार बहुधा मोठ्या कपॅसिटरची. एसीचं डीसी केल्यावर वीज एकसारखी येत नाही, १०० हर्ट्झच्या लाटांनी येते. तो कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाला पाणी येईल तेव्हा भरून घ्यायचं आणि मधल्या वेळेत घराला पुरवायचं. टाकी गळकी झाली की लाटेच्या प्रत्येक उतारात व्होल्टेज खाली जातं.

पुढचा रेग्युलेटर ही चढउतार बऱ्यापैकी पुसून टाकतो, पण एका अटीवर : लाटेचा तळ ७ व्होल्टांच्या खाली जाता कामा नये. म्हणून पट्टे दिसले याचा सरळ अर्थ, तळ ७ च्या खाली गेलाय. एक तर कपॅसिटर सुकलाय, नाहीतर अडॅप्टर अशक्त झालाय. मघाची ओझ्याची चाचणी या दोघांतला दोषी निवडून देते.

पट्टे मोजले तर आणखी माहिती मिळते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो. लाट १०० हर्ट्झची असेल तर दोन पट्टे दिसतात आणि ते जवळजवळ जागीच रेंगाळतात. एकच पट्टा असेल तर लाट ५० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरचा एखादा डायोड उघडा पडला असण्याची शक्यता बळावते. जपानी किंवा अमेरिकी कन्सोलचा पडदा ६० च्या वेगाने रंगतो, म्हणून त्यावर पट्टे भराभर सरकतात.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं मरण उष्णतेत आहे. त्याच्या आतला द्रव हळूहळू उडून जातो आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. खात्री करून घ्यायची असेल तर एनईएससारख्या कन्सोलमध्ये, वीज बंद करून, जुन्या २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला समांतर तेवढ्याच क्षमतेचा २५ व्होल्टांचा नवा कपॅसिटर धन-ऋण सांभाळून तात्पुरता जोडा. पट्टे गेले तर जुना काढून नवा लावा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त आणि तापमानाची खूण १०५ अंशांची असलेला घ्यावा. नवा कपॅसिटर उलटा बसवला तर तो फुगतो, प्रसंगी फुटतो.

डब्याच्या आत

अडॅप्टर निर्दोष ठरला की मग स्क्रू काढायचे. पहिला टप्पा पॉवर जॅक. वर्षानुवर्षं पिन खुपसताना आणि ओढताना जॅकचे सांधे हलतात आणि सोल्डरभोवती बारीक गोल भेग पडते. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. भिंग घेऊन पाहिलं की ती दिसते. जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरलं की कितीतरी ‘मृत’ कन्सोल इथेच उठून बसतात.

दुसरा टप्पा स्विच. त्याच्या पात्यांवर ऑक्साइडचा थर चढतो. कन्सोल सुरू असताना मीटरच्या दोन्ही काड्या स्विचच्या दोन टोकांवर ठेवा. स्विच चालू असताना तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज स्विचच गिळतोय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून स्विच वीस-पंचवीस वेळा पुढेमागे केला की बहुधा तो सुधारतो.

मग येतो या वाटेवरचा खरा नायक, ७८०५. फेअरचाइल्ड कंपनीने सत्तरच्या दशकात आणलेल्या ७८०० मालिकेतला हा तीन पायांचा रेग्युलेटर. शेवटचा आकडा ५ म्हणजे ५ व्होल्ट. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले, तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. पाठीचा धातूचा पत्राही ग्राउंडच. मीटरची काळी काडी त्या पत्र्यावर टेकवली की मोजणी सोपी होते.

इथे दोनच आकडे पाहायचे. डाव्या पायावर ७ पेक्षा जास्त आणि उजव्या पायावर ४.८ ते ५.२. दोन्ही बरोबर, तर पुरवठा निर्दोष. डावा कमी, तर दोष मागच्या टप्प्यांत. डावा बरोबर पण उजवा शून्याच्या जवळ, तर दोन शक्यता : रेग्युलेटर मेलाय किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे त्याने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतलाय. वीज बंद करून उजवा पाय बोर्डापासून मोकळा करा आणि पुन्हा मोजा. मोकळ्या पायावर ५ व्होल्ट आले तर रेग्युलेटर निर्दोष, शॉर्ट बोर्डावर. तरीही आले नाहीत तर तो बदला.

७८०५ मध्ये उष्णतेपासून बचावाची सोयही आहे. कन्सोल दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग चित्र गोठतं किंवा बंद पडतं आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतं, अशा तक्रारीत आधी हाच संशयित. तो उरलेले व्होल्ट उष्णता करून फेकून देतो. आत ९ व्होल्ट आले आणि कन्सोलने ०.८ अँपिअर घेतले, तर ४ गुणिले ०.८, म्हणजे ३.२ वॅट उष्णता. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून १२ व्होल्टांचा अडॅप्टर लावला, तर ती ५.६ वॅट होते. खेळ तोच, चित्र तेच, फक्त रेग्युलेटर भाजून निघतो. बदलताना पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नव्याने लावायला विसरू नये.

पहिल्या मेगा ड्राइव्हमध्ये असे दोन ७८०५ आहेत आणि दोघांवर बोर्डाचे वेगवेगळे भाग वाटून दिलेत. त्यामुळे लाल दिवा लागला म्हणजे वीज आली, असं तिथे म्हणता येत नाही. एकजण जिवंत राहून दिवा पेटवतो आणि दुसऱ्याच्या वाट्याचा भाग उपाशी राहतो. दोन्ही मोजा.

शेवटची मोजणी चिपच्या पायाशी. फॅमिकॉमच्या चाळीस पायांच्या प्रोसेसरमध्ये ४० व्या पायावर ५ व्होल्ट आणि २० व्या पायावर ग्राउंड असतं. रेग्युलेटरपाशी ५ आणि इथे ४.६ असेल, तर मधली तांब्याची पट्टी किंवा एखादा सांधा कुरतडला गेलाय.

जिथे २३० व्होल्ट आतच शिरतात

सॅटर्न, प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट या पिढीने अडॅप्टर टाकून दिला आणि एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा पुरवठा डब्यातच घेतला. इथे खेळ बदलतो आणि धोकाही. २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय झाले की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात आणि वायर काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात. ज्याला मल्टिमीटर नवा आहे त्याने हा भाग उघडू नये. उघडणाऱ्याने आधी कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजावं, योग्य रेझिस्टरमधून तो रिकामा करावा, पुन्हा मोजावं आणि मगच बोट लावावं.

दुरुस्तीच्या दुकानात यासाठी सिरीज बोर्ड असतो. साधा ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब पुरवठ्याच्या वाटेत सिरीजमध्ये जोडलेला. एसएमपीएस चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. तो पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आतले डायोड किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेत. बल्ब नसता तर नवा फ्यूज पुन्हा उडाला असता.

जपानी प्लेस्टेशनची वायर आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरच्या वायरसारखीच दोन छिद्रांची. ती इथली जोडली की बसते, आणि तीच तिची फसवणूक. आतला मोठा कपॅसिटर २०० व्होल्टांपर्यंतचा असतो, त्याच्यावर ३२५ येतात. अशा यंत्राला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

ड्रीमकास्टची एक तक्रार सुखावह आहे, कारण तिचा इलाज फुकट आहे. खेळता खेळता यंत्र आपोआप रीसेट होतं. पुरवठ्याचा बोर्ड मुख्य बोर्डावर उभ्या पिनांच्या रांगेवर बसतो. त्या पिना काळवंडतात, रोध वाढतो आणि मागणी वाढली की व्होल्टेज ढासळतं. वायर काढून ठेवा, पुरवठा बोर्ड वर उचला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा घट्ट बसवा.

नवा अडॅप्टर घेताना

व्होल्ट जुळवायचे, एसी की डीसी ते जुळवायचं, ध्रुवता जुळवायची. अँपिअर मात्र जास्त असले तरी बिघडत नाही. ८५० मिलिअँपिअर लागणाऱ्या कन्सोलला २ अँपिअरचा अडॅप्टर दिला तर कन्सोल आपल्याला हवे तेवढेच घेतो. कमी अँपिअरचा दिला तर अडॅप्टर तापतो आणि खचतो. रस्त्यावरच्या हलक्या एसएमपीएस अडॅप्टरवर छापलेले अँपिअर पुष्कळदा कागदावरचेच असतात, आणि त्यांच्या स्विचिंगचा गोंगाट पडद्यावर बारीक तिरक्या जाळीसारखा उतरतो. तोही ओझ्याखाली मोजूनच पारखावा. घरात दोन-तीन कन्सोल असतील तर प्रत्येक अडॅप्टरवर कन्सोलचं नाव, व्होल्ट आणि ध्रुवता ठसठशीत लिहून चिकटपट्टी लावावी. या प्रकरणातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक दुरुस्ती.

आणि इतकं करून चिपच्या पायाशी स्वच्छ ५ व्होल्ट मिळाले, तरी पडदा काळाच राहिला तर? तर पुरवठ्याला यापुढे दोष देता येणार नाही. तो निर्दोष सुटला आणि तुमची शोधाची जागा निम्म्याहून कमी झाली. आता नजर वळवायची ती कार्ट्रिज बसते त्या खाचेकडे, तिच्यातल्या सैल आणि मळलेल्या पात्यांकडे. पुढचं प्रकरण त्यांचंच आहे.